विश्लेषण : चांदीच्या जोडव्यांना चमक येते कुठून? पहिली जोडी घरी घडवताना काय जमते, काय चुकते?

जोडवे हा चांदीचा जवळपास सर्वात साधा दागिना. साध्या जोडव्याला नक्षी नसते, खडा नसतो, फासा नसतो. पट्टी कापायची, वळवायची आणि चकाकवायची, एवढेच काम. तरीही ते पहिल्यांदाच घडवणाऱ्याच्या हाती अनेकदा येते ते एका कडेने मोठे, ठोक्यांचे व्रण असलेले आणि दिव्याखाली धुरकट दिसणारे कडे. मग दोष पॉलिशला दिला जातो. आणखी महागडी पेस्ट आणली जाते, मोटर घेतली जाते. धुरकटपणा मात्र जात नाही, कारण तो पॉलिशच्या आधीच्या टप्प्यांत शिरलेला असतो.

चांदी स्वस्त होती तेव्हा अशी चूक खपून जात होती. २०२५ च्या सुरुवातीला किलोमागे एक लाख रुपयांच्या खाली असलेला चांदीचा भाव वर्षअखेरीस दोन लाखांच्या पुढे गेला. त्यामुळे हौस म्हणून किंवा छोटा घरगुती व्यवसाय म्हणून दागिने घडवायला शिकणाऱ्यांसाठी प्रत्येक वाया गेलेली पट्टी आता खिशाला जाणवते. म्हणूनच चांदी वळवण्यामागचे आणि चकाकवण्यामागचे साधे शास्त्र समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

सुरुवात जोडव्यांपासून का करावी?

चांदीकामातील सर्वात अवघड आणि धोक्याचा टप्पा म्हणजे झाळकाम, म्हणजे लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने दोन टोके जोडणे. बोटातील बंद अंगठीला ते टाळता येत नाही. जोडवी मात्र पायाच्या बोटात कमी-जास्त करता यावीत म्हणून खालून उघडी ठेवली जातात. सांधाच नसल्याने शिकणाऱ्याचे सगळे लक्ष दोन गोष्टींवर राहते : आकार आणि झिलई.

दुसरे कारण त्यांच्या नावातच आहे. जोडवी जोडीने घालतात. एक कडे नीट होणे हा योगायोग असू शकतो. त्याच्यासारखेच दुसरे होणे म्हणजे हात बसू लागला. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एक दागिना अनेक कारागिरांच्या हातांखालून जातो. आटणी, तार ओढणे, जोडकाम, झिलई ही कामे वेगवेगळे हात करतात. घरी शिकणाऱ्याला हे सारे एकट्यानेच करावे लागते. त्यामुळे कामाचा आवाका लहान ठेवणेच शहाणपणाचे.

कोणती चांदी घ्यावी आणि किती?

शुद्ध चांदी फार मऊ असते. रोज पायात वापरायच्या वस्तूत ती सहज वाकते, झिजते. म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबे, हे मिश्रण ‘९२५’ किंवा स्टर्लिंग चांदी म्हणून ओळखले जाते. सरावाच्या जोडव्यांसाठी याच चांदीची ३ मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर जाड पट्टी सोयीची पडते. त्यापेक्षा पातळ पट्टी वळायला सोपी असते, पण जमिनीवर घासून लवकर झिजते.

लांबीचे गणित सोपे आहे. आतला व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. आतला व्यास १५ मिलिमीटर हवा असेल तर १५ अधिक १.२ म्हणजे १६.२, त्याला ३.१४ ने गुणले की सुमारे ५१ मिलिमीटर. त्यातून फटीसाठी ३ मिलिमीटर वजा केले की ४८ मिलिमीटरची पट्टी कापायची. जाडी मिळवायचे विसरले तर कडे हमखास लहान होते, कारण वाकताना पट्टीची आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी कायम राहते ती फक्त मधल्या रेषेवर.

अशा एका जोडव्याचे वजन सुमारे १.८ ग्रॅम, तर जोडीचे ३.६ ग्रॅम भरते. किलोला दोन लाख रुपये भाव धरला तर ग्रॅमला २०० रुपये, म्हणजे जोडीची चांदी साधारण ७२० रुपयांची. कर आणि पट्टी बनवण्याची मजुरी वेगळी. म्हणूनच पहिल्या दोन-तीन जोड्या तांब्याच्या पट्टीवर कराव्यात. तांबेही चांदीसारखेच ठोकल्याने कडक होते, तापवल्याने मऊ होते आणि त्यावरही ओरखडे तसेच दिसतात.

वाकवताना चांदी कडक का होते?

धातूत अणू ओळीने रचलेले असतात. पट्टी वाकवली किंवा ठोकली की या ओळी एकमेकींवरून घसरतात. घसरताना रचनेत गुंते तयार होतात आणि पुढची घसरण अवघड होते. हाताला ते ‘चांदी कडक झाली’ असे जाणवते. कडक झालेली पट्टी तशीच रेटली तर ती बाहेरच्या बाजूने तडकते.

यावर उपाय म्हणजे पट्टी तापवून मऊ करणे. ९२५ चांदी सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सियसला तापवली की अणूंची रचना नव्याने जुळते आणि पट्टी पुन्हा नरम होते. घरी तापमान मोजायचे साधन नसते. तेव्हा खोलीत उजेड मंद करावा. चांदीवर अगदी फिकट तांबूस झाक दिसू लागताच ज्योत बाजूला करावी. दुसरी खूण म्हणजे पट्टीवर कायमस्वरूपी शाईच्या मार्करने आधी रेघ मारून ठेवणे. तापताना ती रेघ उडून गेली की पुरे झाले असे समजायचे. तांबूस रंग गेल्यावर पट्टी चिमट्याने पाण्यात सोडावी.

झगझगीत नारिंगी रंगाची वाट पाहणे ही नवख्यांची सर्वात महागडी चूक. ही चांदी सुमारे ८०० अंशांनंतर वितळू लागते. मऊ होणे आणि गोळा होणे यांत पातळ पट्टीच्या बाबतीत काही सेकंदांचेच अंतर असते. ज्योत एका जागी न रोखता पट्टीच्या लांबीवर सतत फिरती ठेवावी.

तापवलेली चांदी काळपट दिसते. हा तांब्याच्या ऑक्साइडचा थर असतो. तो काढायला अर्धा लिटर गरम पाण्यात साधारण ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवून त्यात पट्टी काही वेळ ठेवावी. तीव्र गंधकाम्लाची घरी गरज नाही. या द्रावणात लोखंडी चिमटा मात्र बुडवू नये. तसे झाल्यास द्रावणात उतरलेले तांबे चांदीवर बसते आणि ती गुलाबी दिसू लागते. लाकडी किंवा प्लास्टिकचा चिमटा चालतो. या कामाचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

आकार देताना नेमके काय सांभाळायचे?

दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एकाच लांब पट्टीतून कापाव्यात. त्या एकत्र धरून टोके कानशीने सारखी करावीत. मग दोन्ही एकाच बैठकीत मऊ कराव्यात. आज एक आणि उद्या दुसरी असे केले की माप हमखास चुकते.

वळवण्यासाठी निमुळता पोलादी दांडा लागतो. सराफी हत्यारांच्या दुकानांत तो मॅन्ड्रेल या नावाने मिळतो. त्यावर पट्टी ठेवून लाकडी किंवा नायलॉनच्या मोगरीने हलके ठोके द्यायचे. लोखंडी हातोडी येथे नको. मोगरी पट्टीला फक्त वाकवते. हातोडी तिला चेपते, पातळ करते, लांबवते आणि वर व्रणही ठेवते. ठोका दांड्याच्या थेट माथ्यावर न देता किंचित पलीकडे, पट्टी जेथे दांड्यापासून सुटलेली असते तेथे द्यावा. पट्टी आपोआप दांड्याला बिलगत जाते.

दांडा निमुळता असल्याने कड्याची एक कड दुसरीपेक्षा मोठी होते. म्हणून चार-पाच ठोक्यांनंतर कडे काढून उलटे घालायचे. एवढी एक सवय लागली तरी जोडव्याचा आकार निम्म्याहून अधिक सुधारतो. अधूनमधून कडे काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून पाहावे. कुठे उजेडाची फट दिसली तर तेथे ते पिळलेले आहे असे समजून मोगरीने सपाट करावे.

आकार पूर्ण झाल्यावर पुन्हा तापवू नये. शेवटच्या ठोक्यांनी आलेला कडकपणा येथे उपयोगाचा असतो. त्यामुळेच उघडे जोडवे बोटाला हलकेच धरून राहते. मऊ अवस्थेत ठेवलेले जोडवे पहिल्याच दिवशी फाकते.

कानस आणि पॉलिश पेपरचा क्रम एवढा महत्त्वाचा का?

चमकेचा खरा निर्णय या टप्प्यावर होतो. दृश्य प्रकाश परतवण्यात चांदी सर्व धातूंत आघाडीवर आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो आणि डोळ्यांना आरसा दिसतो. पृष्ठभागावर चऱ्या असतील तर तोच प्रकाश विखुरतो आणि चांदी पांढुरकी, धुरकट दिसते. झिलई म्हणजे वरून काही लावणे नव्हे. मोठ्या चऱ्यांच्या जागी लहान चऱ्या आणि लहानांच्या जागी त्याहून लहान चऱ्या करत जाणे, म्हणजे झिलई.

सुरुवात बारीक दातांच्या कानशीने. ठोक्यांचे व्रण आणि कडांचा धारदारपणा तिने जातो. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे ओढताना ती उचलून घ्यावी. उघड्या टोकांना गोलाई देणे विसरू नये. टोके टोकदार राहिली तर साडीचा काठ अडकतो आणि शेजारचे बोट सोलवटते.

त्यानंतर पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. ४००, ६००, १०००, २००० असा क्रम ठेवावा. पहिला कागद आडवा चालवला तर पुढचा उभा, त्यापुढचा पुन्हा आडवा. असे केल्याने आधीच्या कागदाच्या चऱ्या नव्या चऱ्यांना छेदून उठून दिसतात. जोवर आधीच्या दिशेची एकही चरी दिसते, तोवर कागद बदलायचा नाही. कागद बदलताना जोडवे आणि हात दोन्ही धुवावेत. ४०० चा एक कण २००० च्या कागदात शिरला तरी सारे काम मागे जाते.

घाईत ४०० वरून थेट २००० वर उडी मारणारे अनेक जण असतात. त्याने वेळ वाचत नाही. २००० चा कागद उंचवट्यांचे माथे चकाकवतो. खोल चऱ्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. वरवर पाहता चमक येते, पण एकाच दिव्याखाली जोडवे तिरपे धरले की खालच्या रेघा दिसतात. त्यावर कितीही पॉलिश घासले तरी रेघा जात नाहीत, फक्त त्यांच्या कडा गोलावतात आणि त्या अधिकच ओघळल्यासारख्या वाटतात. अशा वेळी ज्या आकड्यावर चूक झाली तेथपर्यंत परत जाणे हाच एक मार्ग उरतो.

हे काम कागद पसरून त्यावर करावे. कानशीची चांदी वजनात छोटी वाटते, पण ती चांदीच असते. सराफ बाजारात सोनारांच्या दुकानांतली झाडलोट धुऊन तिच्यातून सोने-चांदी काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या याच कणांवर जगत आले. घरीही तांब्याचा आणि चांदीचा चुरा वेगवेगळ्या डब्यांत ठेवावा. जोडव्यांचे आधीचे आणि नंतरचे वजन लिहून ठेवले तर किती चांदी कानशीत गेली ते कळते. पहिल्या जोडीत जास्त जाते. हात सुधारतो तशी ती कमी होत जाते.

हाताने पॉलिश करावे की मोटरवर?

पहिल्या काही जोड्यांसाठी हातच बरा. लाकडी पट्टीवर चामडे चिकटवून त्यावर आधी ट्रिपोलीसारखी किंचित कापणारी पेस्ट आणि नंतर रूज घासायचे. रूज म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक भुकटी. दोन्हींसाठी पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात आणि मध्ये जोडवे साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे. रिठ्याचे पाणी आणि मऊ ब्रश हा जुना उपायही येथे चालतो.

आणखी एक पद्धत म्हणजे घोटणे. गुळगुळीत पोलादाच्या किंवा अकीकाच्या घोटणीने कडा दाबून घासल्या की चांदी कापली न जाता दबते आणि लकाकते. वजन घटत नाही, कडही थोडी कडक होते.

मोटरवरील बफ काही सेकंदांत चमक देतो, पण तितक्याच वेगाने कडा आणि आकारही खातो. शिवाय तो धोकादायक आहे. फिरत्या चाकात ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस किंवा हातमोजा अडकला तर हात आत ओढला जातो. मोटरवर हातमोजे घालू नयेत हे यासाठीच. वस्तू चाकाच्या मध्यरेषेच्या खालच्या भागावर, कड खाली राहील अशी धरायची असते. वरच्या भागावर धरली तर ती हातातून सुटून भिरकावली जाते. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धुळीचा मास्क असल्याशिवाय मोटर सुरू करू नये.

सगळे नीट करूनही राखाडी छटा का राहते?

कधी कधी सर्व कागद क्रमाने वापरूनही पॉलिशनंतर ढगासारखे राखाडी-जांभळे ठिपके दिसतात. ते ओरखडे नसतात. ९२५ चांदी जास्त वेळ किंवा जास्त तापवली की हवेतील ऑक्सिजन आत शिरतो आणि पृष्ठभागाखालचे तांबे काळे पडते. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने वरचा थर निघतो, आतला निघत नाही. पुढे पॉलिश करताना तो उघडा पडतो.

तो काढायचा तर पुन्हा ४०० किंवा ६०० च्या कागदाने तेवढी चांदी घासून टाकावी लागते. म्हणून तो होऊ न देणे स्वस्त. तापवण्याआधी पट्टीवर टाकणखाराची पातळ पेस्ट लावावी, ज्योत लवकर आटोपावी आणि गरज नसताना पुन:पुन्हा तापवू नये.

खरा धोका कुठे आहे?

आगीचे काम उघड्या खिडकीजवळ, भट्टीच्या विटेवर आणि सुती कपड्यांत करावे. जवळ पाण्याची बादली असावी. मुले आणि गॅस सिलिंडर दूर असावेत. कोणतेही आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल घालायचे. आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही.

पुढे अंगठी किंवा साखळीकडे वळणाऱ्यांनी झाळायचा धातू विकत घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : यात कॅडमियम आहे का? कॅडमियम मिसळले की झाळ लवकर वितळते आणि सहज पसरते. पण हा धातू ७६७ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ फुफ्फुसे व मूत्रपिंडांना गंभीर इजा करते. तो वास घेऊन ओळखता येत नाही. त्रासही लगेच जाणवेलच असे नाही. कॅडमियमविरहित झाळ थोडी महाग पडते आणि तिला जास्त आच लागते. घरातील बंद खोलीत काम करणाऱ्याने दुसरा पर्याय शोधूच नये.

विकायची असेल तर ‘९२५’ लिहिता येते का?

स्वतःच्या वापरासाठी घडवलेल्या जोडव्यांना कोणताही शिक्का लागत नाही. विक्री करताना मात्र शुद्धतेचा दावा सिद्ध करता आला पाहिजे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांसाठीही सहा अंकाक्षरी एचयूआयडी क्रमांकासह हॉलमार्किंग सुरू झाले. त्या वेळी ते ऐच्छिक ठेवण्यात आले. असा क्रमांक असलेल्या दागिन्याची माहिती बीआयएस केअर ॲपवर पाहता येते. घरगुती व्यवसाय करणाऱ्याने निदान चांदीच्या पट्टीचे बिल शुद्धतेच्या उल्लेखासह जपून ठेवावे आणि मान्यताप्राप्त केंद्रात नमुना तपासून घ्यावा. केवळ बाजारात मिळणाऱ्या ठशाने ‘९२५’ उमटवणे म्हणजे शुद्धतेचा पुरावा नव्हे.

चमक टिकवायची कशी?

चांदी काळी पडते ती गंजून नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. अंडी, कांदा, रबर यांच्या सान्निध्यात ही क्रिया वेगाने होते. राख, रांगोळी किंवा टूथपेस्टने घासले की काळेपणा जातो, पण त्यासोबत २००० च्या कागदापर्यंत केलेली सारी मेहनतही जाते, कारण या सर्वांत कमी-अधिक खरखरीत कण असतात.

त्याऐवजी भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरावी, त्यावर जोडवी फॉइलला टेकतील अशी ठेवावीत, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओतावे. काही मिनिटांत गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागीच राहते. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी झाक दिलेल्या दागिन्यांसाठी मात्र ही पद्धत वापरू नये.

जोडी तयार झाली की तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही जोडवी काचेवर शेजारी ठेवल्यावर डुगडुगतात का? एकावर एक ठेवल्यावर कडा जुळतात का? आणि एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवताना दोन्हींवर उजेडाची रेघ न तुटता सरकते का? रेघ जेथे तुटते तेथे चूक सापडते. ती कानशीची आहे, कागदाची की तापवण्याची, हे ओळखता येऊ लागले की पुढची पट्टी चांदीची घ्यायला हरकत नाही.